चित्राखालचं नाव : दगडी छापखान्यापासून एआय मीमपर्यंत



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आधीच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात मीम कशाला? सकाळी आलं, संध्याकाळी गेलं, त्याला इतिहास कसला? प्रश्न रास्त आहे. पण इतिहासाचा अभ्यास करताना आपल्याला एक अनुभव वारंवार येतो. ज्या कागदाला त्या त्या काळात कोणी किंमत दिली नाही, तोच कागद पुढे पुरावा म्हणून शोधत फिरावं लागतं. काडेपेटीवरची लेबलं, भिंतीवरची कॅलेंडरं, निवडणुकीची हँडबिलं, जुन्या दिवाळी अंकांतली व्यंगचित्रं, हा सगळा एकेकाळी रद्दीचा माल होता. आज आपण तो शोधून, पैसे मोजून आणतो. तेव्हा मोबाइलवर क्षणभर हसवून जाणाऱ्या चित्राकडेही जरा थांबून बघायला हरकत नाही.

सुरुवात अगदी अलीकडच्या तारखेने करू. २५ मार्च २०२५. या दिवशी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटीमध्ये चित्रं तयार करण्याची नवी सोय आणली. एक-दोन दिवसांत जगभर एकच लाट उठली. आपला फोटो द्यायचा आणि म्हणायचं, ‘हे जिबली शैलीत करून दे.’ जिबली हा जपानचा ॲनिमेशन स्टुडिओ, १९८५ साली स्थापन झालेला, हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांनी जगप्रसिद्ध झालेला. मऊ रंग, मोठे डोळे, मागे हिरवीगार झाडं आणि ढग. लग्नाचे फोटो, क्रिकेटपटू, नेते, गाजलेले मीम, सगळं त्या रंगात न्हाऊन निघालं. पहिल्या आठवडाभरात १३ कोटींहून जास्त लोकांनी ७० कोटींहून जास्त चित्रं तयार केली, असं कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर केलं.

आमच्या घरच्या ग्रुपवरही हे घडलं. भाच्याने आजीचा जुना कृष्णधवल फोटो टाकून तिचं जिबली चित्र करून घेतलं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. चित्र आलं आणि ग्रुपवर हातांची, हृदयांची रांग लागली. चित्र गोड होतं, यात शंका नाही. फक्त आजीची नऊवारी गेली होती. काष्टा नाहीसा होऊन तिथे घोळदार झग्यासारखं काहीतरी आलं होतं. नथ होती, ती कानातल्या डुलासारखी झाली होती. आणि चेहरा? तो आजीचा होताही आणि नव्हताही. मग एका काकांनी विचारलं, ‘हे काढलं कोणी?’ भाचा म्हणाला, ‘मी.’ मग म्हणाला, ‘म्हणजे मी नाही, ॲपने.’ मग म्हणाला, ‘म्हणजे तसं कोणीच नाही.’

आजचं व्याख्यान या तीन उत्तरांबद्दल आहे. मी, ॲप, कोणीच नाही. चित्राखाली नाव कोणाचं, हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ हसवणाऱ्या चित्रांच्या बाबतीत तो विचारला गेला आहे, आणि त्यापायी माणसं तुरुंगातही गेली आहेत.

राजा आणि दगड

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात शिळामुद्रण रुळलं. आपण त्याला शिळाप्रेस म्हणत आलो. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने थेट चित्र काढायचं आणि त्यावरून शेकडो प्रती छापायच्या. आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरत बसावं लागे. दगडामुळे ते काम दिवसांवर आलं. आज घडलेली गोष्ट चार दिवसांत चित्र होऊन दुकानाच्या काचेत लागू लागली. म्हणजे चित्र बातमीच्या वेगाने धावू लागलं.

पॅरिसमध्ये १८३० साली ‘ला कारिकातूर’ नावाचं साप्ताहिक निघालं. राजा होता लुई फिलिप. १८३१ च्या डिसेंबरात ओनोरे दोमिए या तरुण चित्रकाराने ‘गार्गांत्वा’ हे चित्र काढलं. राजा शौचपात्रासारख्या सिंहासनावर बसलाय, त्याच्या जिभेपासून जमिनीपर्यंत फळी टाकलीय, गरिबांकडून जमा केलेल्या पैशांच्या टोपल्या त्या फळीवरून थेट तोंडात जातायत आणि खालून मानमरातबाचे कागद बाहेर पडतायत. खटला झाला. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. आणि बघा, आरोपी एकटा दोमिए नव्हता. ज्याने छापलं तो आणि ज्याने विकलं तो, असे तिघं न्यायालयात उभे होते. काढणारा, छापणारा, विकणारा, तिघांनाही नावं होती.

पुढे १८३५ साली फ्रान्समध्ये कडक कायदा आला. लेख छापायला आधी परवानगी लागणार नव्हती, चित्र छापायला मात्र लागणार होती. कारण सरकारला नीट कळलं होतं, की लेख वाचायला अक्षर यावं लागतं आणि चित्र निरक्षरालाही कळतं. चित्र थेट आत जातं. आजच्या मीमची ताकदही हीच आहे.

‘कार्टून’ शब्दाची गोष्टही याच काळातली. मूळ अर्थ जाड कागद. भिंतीवर मोठं चित्र रंगवण्याआधी त्यावर कच्चा आराखडा काढत. लंडनचं पार्लमेंट १८३४ साली जळालं, नवी इमारत उभी राहत होती, आणि तिच्या भिंतींसाठी १८४३ साली अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्याची टर उडवली. जॉन लीच याने प्रदर्शन बघायला आलेली उपाशी, फाटकी माणसं काढली आणि वर लिहिलं ‘कार्टून क्रमांक एक’. तेव्हापासून कार्टून म्हणजे व्यंगचित्र हा अर्थ रूढ झाला. म्हणजे या शब्दाच्या नव्या जन्मातच एक नातं आहे, खालच्याने वर बघून काढलेलं चित्र. हे नातं लक्षात ठेवू या, शेवटी लागणार आहे.

मुंबईचा छापखाना आणि १८६७ चा कायदा

हे वारं मुंबईत यायला वेळ लागला नाही. लंडनचा ‘पंच’ १८४१ चा, आणि मुंबईत ‘पारसी पंच’ निघाला १८५४ साली. पुढे तोच ‘हिंदी पंच’ झाला. लखनौला १८७७ साली ‘अवध पंच’ आला. साहेबाकडून घेतलेलं हत्यार साहेबावर चालवायला आपण शिकलो.

साहेबही गाफील नव्हता. १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ साली, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. त्यातली एक अट अशी, की छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि छापल्याचं ठिकाण असलंच पाहिजे; प्रकाशक असेल तर त्याचंही. हेतू उघड होता. उद्या काही राजद्रोही छापलं, तर धरायचं कोणाला?

तुम्ही कुठलाही जुना मराठी दिवाळी अंक काढून बघा. कुठेतरी कोपऱ्यात, बारीक टायपात एक ओळ असते. हा अंक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केला. आपण ती कधी वाचत नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ती ओळ सोन्यासारखी असते. पाळत ठेवण्यासाठी सरकारने केलेल्या नियमाने वाचकाला एक गोष्ट मिळवून दिली. ती म्हणजे पत्ता. चित्र आवडलं तर कौतुकाचं पत्र, नाही आवडलं तर शिव्यांचं पत्र, आणि फारच झोंबलं तर अब्रुनुकसानीची नोटीस, सगळं पाठवायला एक पत्ता. हा कायदा थेट २०२४ पर्यंत टिकला, मग त्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीच्या नव्या कायद्याने घेतली. निवडणुकीच्या पत्रकांनाही हेच तत्त्व लागू आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं लागतात.

याच मुंबईत १८९४ साली राजा रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ, आणि दगडावरून छापलेली रंगीत चित्रं. लक्ष्मी आणि सरस्वती देवळातून निघून दिवाणखान्यात आल्या. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्या भिंतीवरही देवीची तसबीर लागली. ही क्रांतीच होती. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी तिथे काम करून आले होते.

पण स्वस्त चित्राची दुसरी बाजूही इथेच दिसते. आधी प्रत्येक प्रांताची देवी वेगळी होती. तिचा चेहरा, तिचं नेसणं, तिचे दागिने त्या त्या गावचे होते. लाखो घरांत एकच छापील तसबीर गेली, आणि हळूहळू देवी म्हणजे अशीच, हे ठरून गेलं. आजीची नऊवारी जाऊन झगा आला, त्याचं कूळ इथे आहे. जे चित्र सगळ्यात जास्त छापलं जातं, ते उरलेल्यांना पुसत जातं. एवढाच फरक, की रविवर्मांच्या बाबतीत आपण रविवर्मांशी भांडू शकतो. समीक्षकांनी त्यांच्याशी शंभर वर्षं भांडण केलं. नाव होतं म्हणून ते शक्य झालं.

ओळखीची रेष

मराठी वाचकाचं व्यंगचित्राशी नातं जडलं ते मुख्यतः मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. शंकरराव किर्लोस्कर संपादकही होते आणि स्वतः व्यंगचित्रंही काढत. मग दीनानाथ दलाल आले, वसंत सरवटे आले. ‘आवाज’चा दिवाळी अंक १९५१ पासून निघू लागला आणि त्याची खिडकी-चित्रं गाजली. पानाला कापलेली खिडकी असायची. बाहेरून काहीतरी भलतंच दिसायचं, पान उलटलं की अगदी साधं दृश्य निघायचं. चावटपणा चित्रात नसून आपल्या डोक्यात होता, हे पान उलटल्यावर कळायचं. आज आपण बोटाने फोटो सरकवतो आणि पुढच्या फोटोत विनोद फुटतो ना, तेच तंत्र, कात्री आणि कागद वापरून केलेलं.

त्यानंतरचे शि. द. फडणीस. त्यांनी शब्दाशिवाय हसवलं. प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं होती, आपल्यापैकी कित्येकांना गणिताची भीती वाटली नाही त्याचं थोडं श्रेय त्या चित्रांना आहे. फडणीसांचा जन्म १९२५ चा. म्हणजे ज्या वर्षी मशीनने आठवड्याभरात कोट्यवधी चित्रं काढली, त्याच वर्षी आपल्या या व्यंगचित्रकाराने वयाची शंभरी गाठली.

मुंबईत १९५१ पासून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन रोज पहिल्या पानावर गुपचूप उभा राहू लागला. १९६० च्या ऑगस्टमध्ये बाळासाहेब ठाकरेंचं ‘मार्मिक’ निघालं. व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून एक राजकीय पक्ष उभा राहिला, हे जगातही फारसं घडलेलं नाही. तुमची राजकीय मतं काहीही असोत, त्या ब्रशची ताकद नाकारता येत नाही.

या सगळ्यांत समान काय? सही झाकली तरी रेष ओळखू यायची. हे लक्ष्मण, हे सरवटे, हे फडणीस, असं आपण लांबून सांगू शकायचो. आणि रेष ओळखीची झाली, की वाचक त्या माणसाशी एक हिशेब ठेवतो. काल याने अमक्याला झोडलं, मग आज तमक्याला का सोडलं? हा प्रश्न आपण विचारू शकत होतो, कारण काल आणि आज काढणारा माणूस एकच होता.

याचा अर्थ जुनी व्यंगचित्रं सगळी सोज्ज्वळ होती, असा मुळीच नाही. बायकोच्या लाटण्यावर आणि सासूच्या तोंडावर आपले दिवाळी अंक कित्येक वर्षं जगले. लंडनच्या ‘पंच’ने वसाहतीतल्या माणसांना, आयरिश माणसाला माकडासारखं काढलं. नाव असलं म्हणजे चित्र चांगलं होतं असं नाही. नाव असलं म्हणजे जाब विचारता येतो, एवढंच.

जाब विचारण्याचं एक अवघड उदाहरण घेऊ. शंकर यांनी १९४९ साली एक व्यंगचित्र काढलं होतं. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचं समर्थन होऊ शकत नाही. पण ज्यांना ते चित्र खुपलं, त्यांचं खुपणं खोटं होतं का? ज्या समाजाच्या पाठीने पिढ्यान्पिढ्या चाबूक सोसला, त्याला नेहरूंच्या हातातला चाबूक वेगळाच दिसणार. दुसरी बाजू म्हणत होती, की चाबूक घटनेच्या संथ गतीवर उगारलेला आहे. हा वाद होऊ शकला, कारण चित्र कोणी काढलं, कोणत्या साली काढलं, तेव्हा घटना समितीत काय चाललं होतं, हे सगळं सांगता येत होतं. त्रेसष्ट वर्षांनंतरही सांगता येत होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे ते कलम मागे घ्यावं लागलं. दोमिएपासून एकशे ऐंशी वर्षं उलटली होती, पण गोष्ट तीच. सत्तेवर चित्र काढणारा माणूस सही करतो आणि किंमत मोजतो.

मीम येतं

‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात घडवला. जीन जसं एका शरीरातून दुसऱ्यात जातं, तसं कल्पना, चाल, लकब एका मेंदूतून दुसऱ्यात नक्कल होत जाते, असा त्याचा अर्थ. इंटरनेटने तो उचलला. इथे पहिल्यांदा सही गळून पडली. चित्र कोणाचंही असो, वर मजकूर माझा, पुढे पाठवणारे तुम्ही.

तरीही मूळ धागा पकडता येत होता. पेपे नावाच्या बेडकाची गोष्ट बघा. मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराने २००५ च्या सुमारास हा आळशी, साधा बेडूक काढला. दहा वर्षांत लोकांनी तो पळवला, आणि पुढे वंशद्वेष्ट्यांनी त्याला आपला झेंडा केला. २०१६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित संस्थेने द्वेषचिन्हांच्या यादीत त्याची नोंद केली. फ्युरी गप्प बसला नाही. त्याने कॉमिकमध्ये बेडकाचा मृत्यू दाखवला. ज्यांनी तो विकून पैसे केले, त्यांच्यावर दावे केले. इन्फोवॉर्स या संकेतस्थळाने २०१९ मध्ये १५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. का शक्य झालं हे? कारण बेडूक त्याचा होता. कोणीतरी तो हाताने काढला होता.

कोणीच न काढलेलं चित्र

आता परत मार्च २०२५. मशीन चित्र कसं काढतं? अगदी थोडक्यात. प्रचंड संख्येने चित्रं आणि त्यांची वर्णनं दाखवून त्याला शिकवलेलं असतं. कोणत्या शब्दाबरोबर कोणता आकार, कोणता रंग येतो याचे संबंध त्यात मुरलेले असतात. तुम्ही मागणी करता, ते त्या संबंधांतून नवं चित्र जुळवतं. ज्यांची चित्रं शिकवणीत गेली, त्यांची नावं त्या जुळणीत विरून जातात.

ज्या शैलीची ही नक्कल झाली, तिथे काम कसं चालतं? ‘द विंड रायझेस’ या मियाझाकींच्या २०१३ च्या चित्रपटात गर्दीचं एक दृश्य आहे, फक्त चार सेकंदांचं. एजी यामामोरी या ॲनिमेटरला त्यासाठी एक वर्ष तीन महिने लागले. गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा हलतो. आणि मियाझाकींना २०१६ साली संगणकाने आपोआप हलवलेली एक विचित्र आकृती दाखवण्यात आली, तेव्हा त्यांनी ती पाहून एका अपंग मित्राची आठवण काढली आणि हा जीवनाचाच अपमान आहे, असं समोरच्यांना सांगितलं. ते बोलले होते त्या एका प्रयोगाबद्दल, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. २०२५ मध्ये ते वाक्य संदर्भ सोडून फिरलं. म्हणजे मीमवर टीका करणारं वाक्यही मीम होऊनच फिरलं.

कायदा काय म्हणतो? ही लाट येण्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १८ मार्च २०२५ ला, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की मशीन लेखक किंवा चित्रकार ठरू शकत नाही, स्वामित्व हक्कासाठी माणूस लागतो. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक व्याख्या आली आहे. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीच्या बाबतीत, ती कृती जो घडवून आणतो, तो तिचा कर्ता. घडवून आणतो म्हणजे कोण? मागणी लिहिणारा भाचा, की ॲप बनवणारी कंपनी? ती दुरुस्ती झाली तेव्हा असं मशीन कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि शैलीवर तर कुठेच कोणाचा हक्क नसतो. नसावाही, नाहीतर लक्ष्मणांचा प्रभाव पडलेल्या प्रत्येक तरुणाला दंड भरावा लागेल.

पण आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. २७ मार्च २०२५. लाट सुरू होऊन दोनच दिवस झालेत. अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या अधिकृत खात्यावरून जिबलीसारख्या शैलीतलं एक चित्र प्रसिद्ध झालं. बेड्या घातलेली, रडणारी एक स्त्री, समोर तिला पकडणारा स्थलांतर खात्याचा अधिकारी. ती अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली आहे, असं व्हाइट हाउसचं म्हणणं होतं. असेलही. गुन्हा केला असेल तर कारवाई व्हावी. आपला प्रश्न चित्राचा आहे.

दोमिएचं चित्र आठवा. तिथे एका चित्रकाराने राजाला काढलं, सही केली आणि तुरुंगात गेला. इथे राजवाड्याने कैद्याला काढलं, हसण्यासाठी काढलं, आणि चित्रकारच नाही. जो काढेल त्याला ‘हे मी काढणार नाही’ म्हणण्याची एक संधी असते. वर्तमानपत्राच्या कचेरीत अशा नकारांवरून भांडणं झाली आहेत, राजीनामे पडले आहेत. काढणाऱ्याचा हात हाही एक अडसर होता. तो अडसर आता उरला नाही. खालच्याने वर बघून काढायचं ते कार्टून, वरून खाली बघू लागलं.

दुसरं उदाहरण लहान मुलांचं. २०२५ च्या सुरुवातीपासून ‘इटालियन ब्रेनरॉट’ नावाचा प्रकार पसरला. तीन पायांचा, बूट घातलेला शार्क ‘त्रालालेरो त्रालाला’, मगरीचं तोंड असलेलं बॉम्बफेकी विमान ‘बोम्बार्दिरो क्रोकोदिलो’, डोक्याच्या जागी कॉफीचा कप असलेली नर्तकी. सगळं एआयने केलेलं, मागे इटालियन भाषेत बडबडगीतासारखं काहीतरी. आपल्या सोसायटीतली पोरं ही नावं तोंडपाठ म्हणतात. ध्वनी गमतीशीर आहे, आपल्यालाही हसू येतं. पण मूळ इटालियन शब्दांत काय आहे? शार्कच्या तुकड्याची सुरुवात देवाला दिलेल्या शिवीने होते. मगरीच्या तुकड्यात गाझामधल्या मुलांवर बॉम्ब टाकण्याचा उल्लेख आहे. एका ठिकाणच्या मुलांच्या मरणावर केलेली थट्टा दुसऱ्या ठिकाणची मुलं गाणं म्हणून गातायत, आणि दोघांनाही ते ठाऊक नाही. पालकांनी तक्रार करायची तर कोणत्या पत्त्यावर करायची?

निनावीपणाची बाजू

इथे एक आक्षेप नक्की येणार, आणि तो महत्त्वाचा आहे. निनावी राहणं ही दुबळ्याची ढाल असते. चीनमध्ये २०१३ पासून लोकांनी शी जिनपिंग यांची तुलना विनी द पू या गोंडस अस्वलाशी केली. सरकारने ती चित्रं पुसली, लोकांनी पुन्हा टाकली. तिथे सही करा असं म्हणणं म्हणजे तुरुंगात जा म्हणणं. आपल्याकडेही १८६७ चा कायदा नाव मागत होता तो लोकांच्या सोयीसाठी नव्हे. मग नावाचा एवढा आग्रह कशाला?

आक्षेप मान्य आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करू या. लपलेला माणूस आणि नसलेला माणूस. अस्वलाचं चित्र टाकणारा लपलेला आहे, पण तो आहे. पकडला गेला तर त्याला भोगावं लागणार, हे त्याला ठाऊक आहे. त्या धोक्यातूनच त्याच्या हसण्याला वजन येतं. एआयच्या चित्रामागे लपायलाही कोणी लागत नाही. आणि ही सोय दुबळ्याला जेवढी मिळते, तेवढीच सत्तेला, पक्षाला, पैसेवाल्याला मिळते. त्यांना तर ढालीची गरजही नव्हती.

सरकारंही हे ओळखू लागली आहेत. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा काढला, की एआयने केलेल्या चित्रावर तसं ठळक लेबल हवं, तेही किमान दहा टक्के भागावर. पुढे टक्क्यांची अट गेली, लेबलाची राहिली. लेबल हवंच. पण लेबल सांगतं की हे मशीनने केलं. हे कोणी करवून घेतलं, हे ते सांगत नाही. १८६७ च्या त्या बारीक ओळीत माणसाचं नाव होतं.

आपलं काम

मग आपण काय करायचं? मशीन परत जाणार नाही. शिळाप्रेस आला तेव्हा कोरीवकाम करणारे हळहळले, छायाचित्र आलं तेव्हा चित्रकार हळहळले. ज्यांना कधी चित्र काढता आलं नाही, त्यांना आज मनातली कल्पना समोर दिसते, हा आनंदही खोटा नाही. भाच्याने आजीचं चित्र केलं ते प्रेमानेच.

पण दोमिएच्या खटल्यातले तिघं आठवा. काढणारा, छापणारा, विकणारा. यातला पहिला आता हरवला असेल, तर उरलेल्यांची जबाबदारी वाढते. छापणारा म्हणजे आज ॲप. आणि विकणारा, वाटणारा? ते आपण आहोत. ‘आलं ते पाठवलं’ हे उत्तर १८३२ च्या पॅरिसमध्ये चाललं नव्हतं. एखादं चित्र पुढे ढकलताना आपण एवढं तरी बघू शकतो, की यात हसू कोणावर आहे? ज्याच्यावर आहे तो माझ्या वरचा आहे की खालचा? आणि यावर माझं नाव लिहायला सांगितलं, तर मी लिहीन का?

शेवटी पुन्हा आजीच्या चित्राकडे येतो. दोन दिवसांनी आत्याने ते चित्र ग्रुपवर परत टाकलं. शेजारी मूळ फोटो जोडला आणि खाली मराठीत टाइप केलं: ‘आईचा फोटो, साल १९६८. शेजारचं चित्र फोटोवरून मशीनने केलं आहे, करून घेणारा आमचा भाचा. आई नेहमी नऊवारी नेसत असे. नथ सासूबाईंनी दिलेली होती.’

आत्या सातवीपर्यंत शिकलेली आहे. पण चित्र कोणी काढलं, कधी, कशावरून, आणि त्यात चुकलं काय, हे सगळं तिने चार ओळींत नोंदवलं. उद्या कोणी आमच्या घराचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला ती मूळ फोटोइतकीच ती नोंदही उपयोगी पडेल.

तुम्हीही आपापल्या घरच्या चित्रांखाली अशा चार ओळी लिहा, एवढी विनंती करून थांबतो.